फाउस्तिनोची गाडी गरम का फुंकते

माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायचं म्हटलं की फाउस्तिनोच्या जिभेला कुलूप लागायचं. उभा जन्म त्याने वाळवंटातल्या टूसॉन शहरात शाळेची बस चालवली आणि जे काही बोलायचं ते समोरच्या काचेशी बोलला. मागून पोरं काहीही विचारत, हा रस्त्यावरची नजर न हलवता झकास उत्तरं देई. तोच माणूस घरी जेवायला बसला की मुका. पहिल्या बायकोला मागणी घातली तीही नोगालेसच्या रस्त्यावर, चालत्या ट्रकमध्ये, दोघांची तोंडं पुढे. ती बिचारी जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. लेक मारिसेलाला बापाशी काही महत्त्वाचं बोलायचं असलं तर ती वेळ न घालवता म्हणायची, "पप्पा, चला, पेट्रोल भरून येऊ."

आणि आता सत्तरीला टेकल्यावर या माणसाला पुन्हा मागणी घालायची होती.

कुणाला, ते ठरलेलं होतं. ओफेलियाबाई. रविवारची प्रार्थना संपली की चर्चच्या मागच्या अंगणात मेनुदोच्या रश्श्याच्या भल्यामोठ्या पातेल्यापाशी त्या डाव घेऊन उभ्या राहायच्या आणि वाढता वाढता ज्याच्या त्याच्या वाडग्यावर शेरे मारायच्या. फाउस्तिनोला मात्र न मागता दुसऱ्यांदा वाढायच्या, तेही शेरा न मारता. यावरून अख्ख्या चर्चला काय ते कळलं होतं. फाउस्तिनोलाही कळलं होतं, पण वाडगा पुढे करून "पुरे, पुरे" म्हणण्यापलीकडे त्याची मजल गेली नव्हती.

मग जुलैतल्या एका रविवारी बाईंनी जाहीर केलं की पुढच्या रविवारच्या विमानाने त्या उत्तरेला, थंडगार मिनेसोटाला लेकीकडे चालल्या, कायमच्या. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "उकडतंय म्हणून." फाउस्तिनोच्या हातातला रस्सा त्याच्या बुटावर सांडला. बुटाकडे बघत त्याने आयुष्यातलं सगळ्यात मोठं धाडस केलं. म्हणाला, "शनिवारी डोंगरावर जाऊ या का? वर गार असतं. त्या थाळीएवढ्या कुकी मिळतात, त्या खाऊ."

"येते," बाई म्हणाल्या. "पण गाडीचा एसी चालतो ना?"

"बर्फ पडतो आत," फाउस्तिनो बुटाला म्हणाला. आणि त्या दिवशी ते शंभर टक्के खरं होतं.

बाईंनी उगाच विचारलं नव्हतं. त्यांचा नवरा, देव त्याला शांती देवो, गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा. रोखेलियो त्याचं नाव. गावातल्या निम्म्या गाड्या त्याने गार केल्या, फक्त स्वतःची सोडून. घरच्या गाडीत बाई जन्मभर काचा खाली करून, रुमालाने वारा घेत बसल्या. तो गेल्यावर त्यांनी शपथच घेतली होती की आता मेले तरी गरम गाडीत पाय ठेवणार नाही.

फाउस्तिनोचीही एक अडचण होती, आणि ती त्याने कुणालाच सांगितली नव्हती. मागणी घालायची तर चालत्या गाडीतच, हे पक्कं. त्याचा आवाज मुळात मांजरीच्या पावलांचा. बाईंना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, आणि तिकडे चालवणारा डावीकडे बसतो, म्हणजे त्याच्या बाजूला नेमका डावाच कान. काचा उघड्या टाकून हमरस्त्याने निघालं तर सगळं बोलणं अक्षरशः वाऱ्यावर जाणार. म्हणजे काचा बंद हव्यात, आणि जुलैत काचा बंद म्हणजे एसी हवा. एसी नाही तर मागणी नाही, आणि मागणी नाही तर रविवारी ओफेलियाबाई मिनेसोटात.

सोमवारी एसीने मान टाकली.

सुरुवातीला सिग्नलला थांबलं की तेवढी गरम हवा यायची आणि गाडी पळायला लागली की बरी यायची. फाउस्तिनोने दुकानातून एसीच्या गॅसचा एक डबा आणला, नळी जोडली, भरला. मंगळवारी जरा जास्तच गरम. बुधवारी पळतानाही गरम. गुरुवारी जाळीतून असा वारा यायला लागला की त्यावर तोर्तिया शेकून घ्याव्यात. गावातल्या एकूण एक एसीवाल्यांना फोन झाले, पण जुलैत टूसॉनमध्ये कोण रिकामा असतो? पुढच्या आठवड्याच्या आत गाडीला हात लावायला कुणी तयार होईना.

घरात तर सुतकच पडलं. म्हणजे तिघांचं मिळून. थोरली बहीण तेओदोरा, जी त्याच्याच घरात राहायची आणि त्याला अजून सात वर्षांचा समजायची, मारिसेला, आणि मारिसेलाचा नवरा रेने, जो केबलच्या वायरी ओढायचं काम करायचा आणि त्यामुळे आपल्याला विजेवर चालणारं सगळंच कळतं असं मानायचा. गरम गाडीमागचं प्रेमप्रकरण तिघांना ठाऊक होतं. आपल्याला ठाऊक आहे हे फाउस्तिनोला ठाऊक नाही, असंही तिघांना वाटत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी रेनेने तोडगा काढला. "पप्पा, हवा गरम येतेय ना? येऊ दे. जाळीच्या तोंडाशी काहीतरी गोठलेलं ठेवायचं. हवा त्याच्यावरून जाईल आणि गार होईल. साधी गोष्ट आहे."

"साधी माणसंच असल्या गोष्टी सांगतात," तेओदोरा म्हणाली. पण तिच्याकडे दुसरा तोडगा नव्हता.

शनिवारी सकाळी फाउस्तिनो इस्त्रीचा शर्ट आणि नवी टोपी घालून ओफेलियाबाईंच्या दाराशी पोहोचला, तेव्हा गाडीच्या चारही जाळ्यांपुढे रबरबँडने बांधलेल्या फ्रोजन वाटाण्याच्या पिशव्या होत्या. वर शोभेला मारिसेलाने भरतकामाचा रुमाल टाकला होता. फॅरनहाइटचा पारा एव्हाना शंभरावर गेला होता.

बाई निळा झगा घालून आल्या, गाडीत बसल्या, दार लावलं. फाउस्तिनोने नजर समोर लावली. पहिला सिग्नल येईपर्यंत सगळं छान चाललं. बाई म्हणाल्यासुद्धा, "बाई गं, गार आहे की." फाउस्तिनोचं काळीज नाचायला लागलं. त्याने घसा खाकरला. तोंड उघडलं. आणि सिग्नलला ब्रेक लागला तशी मधली पिशवी रुमालासकट सुटून ओफेलियाबाईंच्या मांडीवर येऊन पडली.

बाईंनी रुमालाचं टोक उचलून पाहिलं, आणि तरीही आदराचं 'डॉन' सोडलं नाही.

"डॉन फाउस्तिनो, हे काय आहे?"

"वाटाणे."

"ते दिसतंय मला."

सिग्नल हिरवा झाला. मागचा हॉर्न मारायला लागला. पिशवीला भोक पडलेलं होतं, त्यातून एक एक वाटाणा टपटप करत बाईंच्या सँडलपर्यंत गेला. जाळीतून आता उघडपणे भट्टीची हवा येत होती.

"गाडी वळवा," बाई म्हणाल्या. "घरी चला माझ्या."

संपलं, फाउस्तिनोच्या मनात आलं. त्याने गाडी वळवली आणि बाईंच्या दाराशी आणून उभी केली. बाई उतरल्या, वाटाणे झटकले, आत गेल्या. हा टोपी हातात घेऊन बसून राहिला. निघून जावं तरी वाईट दिसणार, बसून राहावं तरी वाईट दिसणार. शेवटी निघायचं ठरवून त्याने किल्ली फिरवली, तेवढ्यात बाईंची हाक आली.

"पळताय कुठे? या, उचलायला मदत करा. मला एकटीला नाही झेपत."

बाई मागच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. पायाशी एक लोखंडी पेटी, एक चाकांचं यंत्र, एक राखाडी टाकी आणि वजनकाटा. निळ्या झग्यावर त्यांनी रोखेलियोचा तेलकट एप्रन बांधला होता.

"चाळीस वर्षं टॉर्च धरून उभी होते मी त्याच्या शेजारी," त्या म्हणाल्या. "कसं करायचं ते बघून बघून पाठ झालंय. त्याने आमच्या गाडीला हात लावला नाही कधी. तुमची तरी बघू या. तुमच्याकडे शेड आहे ना? चला."

तिकडे फाउस्तिनोच्या घरी तिघंही खिडकीला चिकटून होती. गाडी इतक्या लवकर परत आलेली बघून तेओदोराने छातीवर क्रूसाची खूण केली. "नाही म्हणाली," ती म्हणाली. मग एप्रनातल्या बाई उतरल्या. "नाही, हो म्हणाली. स्वयंपाकच करायला आली." मग पेटी उतरली. तेव्हा मात्र तिघंही खिडकी सोडून शेडकडे धावली.

बाईंनी बॉनेट उघडलं आणि फाउस्तिनोला इंजिन चालू करायला सांगितलं. मग मान तिरकी करून, चांगला कान पुढे करून ऐकत राहिल्या. टक्. थोडा वेळ गेला आणि पुन्हा टक्. "कॉम्प्रेसर चालू होतोय आणि लगेच बंद पडतोय," त्या म्हणाल्या. "घाबरल्यासारखा. कशाला घाबरतोय ते बघू." पेटीतून त्यांनी दाब मोजायचं, दोन तबकड्यांचं गेज काढलं, निळी आणि लाल नळी दोन्हीकडे जोडली. काटे असे सुसाट वर गेले की रेने एक पाऊल मागे सरकला.

"गॅस कमी झालाय ना?" फाउस्तिनोने गाडीला विचारलं.

"कमी?" बाई हसायला लागल्या. "अहो, फुटायच्या बेतात आलीय ही. एवढा गॅस कुणी भरला?"

"मी एकच डबा भरला होता," फाउस्तिनो म्हणाला. "सोमवारी."

"एकाने हे होत नाही."

यावर सगळ्यांचे चेहरे वाचण्यासारखे झाले. मारिसेला खाली मान घालून चपलेच्या टोकाने जमीन उकरायला लागली.

"मारिसेला?"

"मंगळवारी पप्पा झोपले होते. मला वाटलं, बिचाऱ्यांचं आयुष्यात एक तरी काम सुरळीत व्हावं, म्हणून एक डबा... एकच हं!"

"तू पण?" रेने ओरडला आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

"पण म्हणजे?" मारिसेला कमरेवर हात ठेवून वळली. "पण म्हणजे काय, रेने?"

"बुधवारी. ऑफिसातून येताना. डब्याबरोबरचा काटा लाल खुणेवर गेला होता, मला वाटलं काटाच बिघडलाय. दुकानाचा स्वस्तातला काटा, म्हटलं, त्याचं कशाला ऐकायचं."

ओफेलियाबाई आता गाडीला टेकून हसत होत्या. फाउस्तिनोही आवाज न करता खांदे हलवत होता, आणि मग त्याचं लक्ष बहिणीकडे गेलं. तेओदोरा आकाशाकडे बघत होती. आकाशात बघण्यासारखं काही नव्हतं, ढगसुद्धा नाही.

"आत्या!" मारिसेला किंचाळली.

"मी म्हातारी बाई," तेओदोरा म्हणाली. "मला काय कळतंय गाडीतलं? दुकानातल्या माणसाने सांगितलं, गरम पाण्यात बुडवून भरा, चांगला जातो. मी बुडवला. चांगला गेला. शिवाय वर एक प्रार्थना म्हटली, त्याला बरकत येऊ दे म्हणून."

"आली की बरकत," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "ढेकर द्यायला जागा नाही तिला. चौघांनी मिळून घास भरवलेत. अहो, जास्त गॅस झाला की दाब वाढतो, दाब वाढला की कॉम्प्रेसर आपला जीव वाचवायला बंद पडतो. मग गार कशी करणार ती बिचारी?"

पण बाईंचं एवढ्यावर समाधान झालं नव्हतं. "सोमवारी, तुमचा पहिला डबा पडायच्या आधी, काय होत होतं?" त्यांनी विचारलं. "थांबलं की गरम आणि पळाली की गार?" फाउस्तिनोने मान हलवली. "मग पुढचा पंखा फिरत नसणार. पळताना वारा आपोआप लागतो, थांबल्यावर पंखा हवा." त्यांनी वाकून बघितलं. पंखा खरंच ढिम्म उभा होता. वायर धरून त्या मागे मागे गेल्या आणि बॅटरीच्या खालच्या कोपऱ्यात त्यांना एक घरटं सापडलं. मेस्कीटच्या झाडाच्या शेंगा, चोया निवडुंगाच्या काट्यांचे तुकडे, एक बाटलीचं झाकण, तेओदोराचं हरवलेलं कानातलं. आणि मधोमध, नीट कुरतडून ठेवलेली, पंख्याची वायर.

"रानउंदीर!" रेने म्हणाला. "पप्पा, तुम्ही बॉनेट उघडं नव्हतं ठेवलं?"

टूसॉनमध्ये हे न विचारता कळायला हवं. रानउंदरांना उघडी, उजेडाची जागा आवडत नाही, म्हणून सगळी गल्ली रात्री बॉनेटं वर करून, आत दिवा लावून झोपते. फाउस्तिनो तर बसच्या दिवसांपासून हे करत आलेला. एकही रात्र चुकवलेली नाही.

"रविवारी धुतली ना मी," तो कसाबसा म्हणाला. "पॉलिश केलं. इतकी चकचकीत झाली होती, तोंड वासून उभी राहिली तर बरं दिसेना. म्हटलं एक रात्र... शनिवारसाठी चांगली दिसावी."

ओफेलियाबाईंचं हसणं थांबलं. त्यांनी चांगला कान त्याच्याकडे वळवलेलाच होता. त्या पुन्हा घरट्यात वाकल्या आणि एकेक काटा उगाच फार काळजीपूर्वक उचलायला लागल्या.

मग काम सुरू झालं. रेनेने कुरतडलेली वायर कापून नवी जोडली, आणि खरं सांगायचं तर झकास जोडली. पंखा भर्रकन फिरला तेव्हा त्याने बायकोकडे असं पाहिलं जसं काही विमान उडवलं. गॅस हवेत सोडायचा नसतो, म्हणून बाईंनी चाकांचं यंत्र लावून सगळा गॅस राखाडी टाकीत ओढून घेतला. टाकी वजनकाट्यावर होती. बॉनेटखालच्या चिठ्ठीवर दोन पौंड लिहिलेलं. काटा पाचाच्या जवळ जाऊन थांबला. तेओदोरा म्हणाली, "माझाच डबा मोठा होता," आणि ते का कोण जाणे, अभिमानाने म्हणाली.

मग व्हॅक्यूम मारायचा, म्हणजे नळ्यांतली उरलीसुरली हवा ओढून काढायची. पंप सुरू झाला तसा शेडमध्ये असा घरघराट झाला की बाकीची मंडळी कान धरून घरात पळाली. घरात पळाली म्हणजे स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारामागे जाऊन तिघं ओळीने उभी राहिली.

गाडीपाशी दोघंच उरली. गेज बॉनेटला टांगलं होतं. निळा काटा शून्याच्या खाली जाऊन खाली खाली सरकत होता. दोघं शेजारी शेजारी उभी, हात गाडीच्या कडेवर टेकलेले, नजर काट्यावर. आणि फाउस्तिनोच्या लक्षात आलं की ही तर गाडीतलीच बैठक झाली. दोघांची तोंडं पुढे. तिच्याकडे बघायची गरज नाही. फक्त काच नाही, रस्ता नाही, आणि पंप बोंबलतोय.

अंगात काय संचारलं कोण जाणे. तो काट्याला म्हणाला, "मला वाटतं, तुम्ही मिनेसोटाला जाऊ नये."

काटा थोडा आणखी खाली गेला. बाई काट्याकडे बघत राहिल्या.

ऐकू नाही गेलं, त्याला वाटलं. आवाज चढवून म्हणाला, "तुम्ही जाऊ नका! माझ्याशी लग्न करा!"

बाई ढिम्म. पंप घरघरतोय. आता माघार घेण्यात काही अर्थ नव्हता. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि शाळेच्या बसमध्ये मारामारी सोडवताना ओरडायचा तसा ओरडला, "ओफेलियाबाई! माझ्याशी! लग्न! करता का!"

समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. जाळीच्या दारामागे तेओदोराच्या हातातून काहीतरी पडून फुटलं. बाईंनी हात पुढे करून पंप बंद केला.

"डॉन फाउस्तिनो," त्या शांतपणे म्हणाल्या, "माझा बहिरा कान पलीकडचा. हा नाही. मला तिन्ही वेळा ऐकू आलं."

फाउस्तिनोच्या कानशिलांवर तवा ठेवल्यासारखं झालं. "मग बोलला का नाहीत?"

"ऐकत होते. कुणी मला कधी एवढ्या मोठ्याने विचारलं नव्हतं." मग त्यांनी नळ्यांचे वॉल्व्ह घट्ट केले. "आता गप्प उभे राहा. आता काटा इथेच राहायला हवा. हलला तर कुठेतरी गळती आहे आणि सगळी मेहनत वाया. तोवर उत्तर मागायचं नाही."

दोघं काट्याकडे बघत उभी राहिली. टोपीखालून घामाच्या धारा लागल्या होत्या, पण फाउस्तिनोने हात वर केला नाही, हाताच्या वाऱ्याने काटा हलला तर? दारामागची तिघं बोटं एकमेकांत गुंतवून उभी होती. एक माशी येऊन काचेवर बसली, नेमकी काट्याच्या टोकावर, आणि फाउस्तिनोने मनातल्या मनात तिला ज्या शिव्या दिल्या त्या त्याने उभ्या जन्मात कुणा पोराला दिल्या नव्हत्या. माशी उडाली. काटा होता तिथेच होता.

"गळती नाही," बाई म्हणाल्या. तेव्हा कुठे फाउस्तिनोने टोपी काढून घाम पुसला.

चिठ्ठीवर लिहिलेले दोन पौंड, वजनकाट्यावर मोजून, थेंब जास्त नाही, असा गॅस आत गेला. इंजिन सुरू झालं. टक्, आणि पुन्हा टक् झालं नाही. कॉम्प्रेसर चालूच राहिला, पुढचा पंखा गरगरत राहिला, निळी नळी घामेजली. बाईंनी एप्रन सोडून बॉनेटवर टाकला, आपल्या बाजूने आत बसल्या, फाउस्तिनोला दुसऱ्या बाजूने बसायची खूण केली. काचा वर. दारं बंद.

आधी कोमट आली. मग जरा बरी. मग जाळीतून असली गार हवा आली, असली गार, की ओल्या शर्टाआड फाउस्तिनोच्या अंगावर शहारा आला. बाईंनी दोन्ही तळवे जाळीपुढे धरले. मग तोंडच पुढे नेलं, डोळे मिटून. कपाळावरचे केस मागे उडाले. आणि त्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं.

"रोखेलियो वाईट नव्हता हो," त्या म्हणाल्या. "फक्त त्याच्या रांगेत माझा नंबरच आला नाही."

फाउस्तिनो समोरच्या काचेतून आपल्याच बॉनेटकडे बघत होता. त्याला कळत होतं की आत्ता बोलायला हवं. आता पंप नव्हता. वाराही नव्हता. पण रस्ताही नव्हता, आणि गाडी जागची हलत नव्हती.

"आता विचारा," बाई म्हणाल्या. "हळू विचारलंत तरी चालेल. पण इकडे बघून."

शाळेच्या बसने कित्येकदा घाट चढले, पुराच्या ओढ्याच्या काठावर ती थांबली. कधी एवढं अवघड वाटलं नव्हतं. फाउस्तिनोने मान वळवायला घेतली. ती जरा वळली आणि अडली. मग सगळं अंगच वळवून तो तिच्या समोर झाला. निळे काठ असलेले तपकिरी डोळे, ओल्या पापण्या, गालावर ग्रीसचा एक डाग. एवढ्या दिवसांत त्याने हे तोंड नीट पाहिलंच नव्हतं. इतकं सुंदर आहे हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं आणि त्याने कुणाला विचारलंही नव्हतं.

"ओफेलिया," तो म्हणाला. आवाज फुटला, पण शब्द आले. "माझ्यापाशी राहशील?"

बाईंनी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी मागचं दार उघडलं.

"कशी आहे हवा?" म्हणत तेओदोरा पर्ससकट मागच्या सीटवर घुसली. तिच्यामागून मारिसेला. "सरक ना आत्या, मेले उकाड्याने." दुसऱ्या दारातून रेने, अर्धा आत, अर्धा बाहेर, एक पाय शेडमध्ये. "पप्पा, मिळाली का गार? बघू, बघू!"

"आम्ही काही ऐकलं नाही हं," तेओदोराने घाईने सांगितलं. "तुमचं चालू द्या."

फाउस्तिनोने डोळे मिटून घेतले. ओफेलियाबाई सावकाश मागे वळल्या. त्यांनी तिघांकडे पाहिलं, रेनेच्या बाहेर राहिलेल्या पायाकडे पाहिलं, उघड्या दारांकडे पाहिलं.

"हो म्हणतेय मी त्यांना," त्या म्हणाल्या. "हो! ऐकलंत सगळ्यांनी? आता दारं लावा आधी, गार हवा सगळी बाहेर चाललीय."